पिल्लू नेताना खार थांबते का?

अक्का,

तू गेल्याची बातमी मीच लिहिली. शेवटच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात. नाव, शाळा, विषय भूगोल, मागे कोण. शेवटची ओळ होती : 'त्यांना खारींची छायाचित्रे काढण्याचा छंद होता.' पान लावताना ती ओळ बसेना. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं शिशाचे खिळे हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि ओळ निघाली. जागा कमी पडली की शेवटची ओळ जाते. बहिणीसाठी हा नियम बदलत नाही.

पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही. कचेरीत बसलो की घरी जावंसं वाटतं, घरी आलो की कचेरीत. त्या ओळीत चूक होती हेही नंतर लक्षात आलं. 'छंद' शब्द तू चालू दिला नसतास. "छंद कसला रे, एक काम अर्धवट राहिलंय," असं म्हणाली असतीस. त्या अर्धवट कामाबद्दल तुला काही सांगायचं आहे, म्हणून हे लिहितो आहे. बातमीदाराच्या सवयीनं वाटतं, वाचणाऱ्यांना आधीचं कळायला हवं, तेव्हा क्रमानं सांगतो. तुला माहीत असलेलं पुन्हा ऐकावं लागेल.

तुझा कॅमेरा डब्याचा. त्याला आठ-दहा फुटांच्या अलीकडचं नीट दिसत नाही. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरी अंगणातल्या बदामावर, कुंपणाच्या भिंतीवर, ओसरीच्या कौलांवर दिवसभर खारी. आणि पहिला रोल धुऊन आला तेव्हा त्या सगळ्या तिळाएवढ्या. कोठी भागातल्या स्टुडिओत करीमसाहेबांनी प्रती टेबलावर मांडल्या, ते आठवतं?

"बाई, ये दीवार की फोटू आप काइकू निकाले?"

"दीवार नहीं, गिलहरी है. वो देखो, कोने में."

करीमसाहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ शोधलं. "हौ, है तो सही. मगर इसको बोलो जरा पास आके बैठने."

"बोलती," तू म्हणालीस. घरी आलीस, देवघराच्या खणातून आपल्या वडिलांचा, दादांचा, वाचायचा चष्मा काढलास, त्याची एक काच सोडवलीस आणि मेणानं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवलीस. मी रागावलो. दादांच्या माघारी त्यांची म्हणून ठेवलेली ती एकच वस्तू होती.

"चष्मा मोडलास, अक्का."

"मोडला नाही, कामाला लावला. दादांना तरी खणात बसून काय दिसत होतं?"

काच बसवल्यावर कॅमेऱ्याला एका ठरावीक अंतरावरचं तेवढं स्वच्छ दिसू लागलं. त्याच्या पुढचं धूसर, अलीकडचंही धूसर. ते अंतर तू सुतळीनं मोजलंस आणि सुतळीला गाठ मारलीस. गाठ जिथे येई तिथे भिंतीवर जांबाची फोड ठेवायची. कॅमेरा स्टुलावर. खटक्याला काळा दोरा बांधलेला, दोरा खिडकीतून आत आणि आत खुर्चीवर तू, शाळेच्या वह्या मांडीवर घेऊन. खार येऊन फोड तिथेच खायला बसली, दोन्ही हातांत धरून कुरतडू लागली, की दोरा ओढायचा. फोड उचलून पळाली तर नाही. पळणारी खार तुझ्या कॅमेऱ्यात म्हणजे नुसती राखाडी रेघ. एक खार नेमानं यायची, फोड घ्यायची आणि बदामावर जाऊन आपल्याकडे पाठ करून खायची. तिचं नाव तू 'पुढारी' ठेवलंस. मी सभांची वृत्तं लिहून घरी आलो की विचारायचीस, "तुझे पुढारी काय म्हणाले? माझा आज काहीच बोलला नाही. फोड मात्र घेऊन गेला."

फोटोंच्या मागे मजकूर लिहायचं काम माझं. मी लिहायचो : 'खार, नल्लकुंटा.' तू वाचून नाक मुरडायचीस. "काय, कुठे, एवढं आलं. खार काय करत होती?"

"खात होती. दिसतं ना."

"तिनं फोड फिरवून साल बाहेरच्या बाजूला घेतलं होतं, ते नाही दिसत? तुझ्या बातमीत नाव येतं, गाव येतं, माणूस येतच नाही."

हे तू वीस वेळा म्हणाली असशील. माझ्या मते ते तसंच असायला हवं होतं. आजही मत तेच आहे. हा वाद मिटलेला नाही, नुसता थांबला आहे.

दिवसही कुणी एका जागी बसण्याचे नव्हते. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्याच्यामागोमाग सचिवालयातले, कोर्टातले, शाळांतले आपले लोक निघाले. काचीगुडा स्टेशनवर रोज कुणाला तरी हार. कोठीच्या फुटपाथवर मराठी पुस्तकांचे ढीग, कारण ट्रंकांत मावेना ते लोक तिथे टाकून जात होते. उलट्या बाजूनं आंध्राची कर्नूलची सरकारी कचेरी हैदराबादेत येत होती, फायलींसकट, बायकामुलांसकट. जाणाऱ्यांची बिऱ्हाडं आणि येणाऱ्यांची बिऱ्हाडं एकाच रस्त्यावर एकमेकांना वाट देत उभी असत. तुझ्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, आपण आता कुठे?" तू नकाशाकडे पाहिलंस. तो जुन्या राज्याचा; नवा अजून शाळेत आलेला नव्हता. तू म्हणालीस, "आपण नल्लकुंट्यात. पुस्तक उघडा."

आमचं वर्तमानपत्रही औरंगाबादला हलायचं ठरलं. वाचक तिकडे गेल्यावर छापखाना इथे ठेवून करणार काय? मला जायला हवं होतं. तुलाही तिकडे शाळा मिळत होती. मी विचारलं, तू लगेच हो म्हणालीस. काही अटी नाहीत, सुस्कारा नाही. उलट बांधाबांधीत मीच मागे. तू देवदारी खोकी आणवलीस, पुस्तकं भरलीस, भांडी भरलीस. शाळेनं काढून टाकलेले जुने कापडी नकाशेही भरलेस. ते कशाला, विचारलं तर म्हणालीस, "नद्या काही बदलल्या नाहीत." ते खोकं ओसरीत उघडंच राहिलं, कारण झाकणाच्या फळ्या आल्या नव्हत्या.

फळ्या आल्या त्या सकाळी मी हातोडी घेऊन ओसरीत गेलो आणि तू मागून माझा सदरा ओढलास.

"हात लावू नकोस. आत कुणीतरी आहे."

कोपऱ्यातला नकाशा कुरतडलेला होता. त्याच्या कापडाचे धागे, काथ्या, आपल्या गादीचा कापूस असा एक गोळा दोन नकाशांच्या मध्ये बसवलेला, आणि त्यातून अगदी बारीक चिवचिव. खार समोरच्या खांबावर उलटी लटकून, शेपटी झटकत, आपल्या दोघांना शिव्या देत होती.

"अख्खा गोदावरीचा काठ खाल्ला तिनं," मी म्हणालो.

"कुणाला तरी उपयोग झाला नकाशाचा."

"अक्का, आठवड्याच्या आत घर रिकामं करायचंय. हा गोळा उचलून बदामाखाली ठेवू."

"मांजर खाईल. आणि माणसाचा हात लागलेलं ती परत घेईल न घेईल. ती स्वतःच नेईल. जरा मोठी झाली, की त्या जागा बदलतात. एकेक पिल्लू तोंडात धरून." एवढं बोलून तू खाली बसलीस, खोक्याच्या काठापासून सुतळी लावून अंतर पाहू लागलीस. तेव्हा कळलं, तुझं बोलणं पिल्लं वाचवण्यापुरतं नव्हतंच. "नाना, मला तो फोटो पाहिजे."

"येणार नाही. तुझ्या कॅमेऱ्यात पळणारी खार येत नाही, तूच सांगतेस."

"पळत नाही तेव्हा. थांबते."

"तोंडात पिल्लू घेऊन? उघड्यावर? वर घारी आहेत, खाली मांजर आहे. कोण थांबेल?"

"थांबते. शाळेच्या भिंतीवर पाहिलंय मी. काठावर आली, पिल्लू खाली ठेवलं, पुन्हा नीट धरलं आणि मग गेली. तेवढा वेळ पुरतो मला."

"कितीदा पाहिलंस?"

"एकदा."

"एकदा म्हणजे ते पडलं असेल तोंडातून."

"पडलं नाही. ठेवलं."

आपल्या शेवटच्या वादाचा विषय एवढाच होता. पिल्लू नेताना खार थांबते की नाही. ओसरीत, जेवताना, कंदील पुसताना, मी कचेरीला निघालो की फाटकापर्यंत. तू म्हणायचीस थांबते. मी म्हणायचो, तुला थांबायचंय. एकदा मी हे उघडच बोललो. "औरंगाबादला यायचं नसेल तर तसं सांग. खारीच्या आड लपू नकोस."

तू वही मिटलीस. "यायचंय. सांगितलं ना एकदा. हो म्हटलं की निघालंच पाहिजे का त्या क्षणी?"

"खारी औरंगाबादलाही आहेत."

"असतील. त्यांची-माझी ओळख नाही."

मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. माझ्या धंद्यात लांबणीवर टाकणं म्हणजे नकारच असतो. समितीनं निर्णय पुढे ढकलला, की आम्ही ओळखतो. तू म्हणायचीस, पुढे ढकलणं म्हणजे पुढे ढकलणं. यात कुणाचं खरं, ते आता कळायला मार्ग नाही. तू येणार होतीस असं मी धरून चालतो. धरून चालणं आणि माहीत असणं यांत फरक आहे, तो सोडवता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

मग सुब्बाराव आले. कर्नूलहून बदलून आलेले कारकून. घर त्यांना कबूल झालेलं. मलकपेठेत नात्यातल्या एका घरी एका खोलीत नऊ माणसं राहत होती, त्यांत हे तिघं : सुब्बाराव, बायको लक्ष्मी आणि आई. ठरल्या दिवशी सकाळी बिस्तरे रिक्षात घालून हजर. ओसरीत आपली खोकी तशीच.

"मकान खाली नै?" सुब्बारावांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता.

मी इंग्रजीत दिलगिरी सुरू केली. तू मला बाजूला केलंस आणि लक्ष्मीला हाताला धरून खोक्याशी नेलंस. "ये देखो. बच्चे हैं. हिलाना नक्को."

लक्ष्मीनं वाकून पाहिलं आणि सासूला हाक मारली. म्हातारी आली, तिनंही पाहिलं. "उडुता," ती म्हणाली. हे त्यांच्या भाषेतलं खारीचं नाव. तुला माहीत होतं, मला नव्हतं. मग ती सुब्बारावांना तेलुगूत भराभर काहीतरी बोलली आणि ते बिस्तऱ्यांकडे हताश होऊन पाहत राहिले.

"क्या बोल्ते अम्मा?" तू विचारलंस.

"बाळंतिणीला हलवायचं नाही, म्हणते," सुब्बाराव हिंदीत म्हणाले. "पर हम लोग किधर जाना, बाई?"

"किधर कू? अंदर आओ ना."

घर असं दोन बिऱ्हाडांचं झालं. मागच्या दोन खोल्या त्यांच्या, पुढच्या आपल्या, मोरी दोघांची. जाणारे गेले नाहीत आणि येणारे आले. शेजारी हसले. कचेरीत मला विचारत, काय हो, तुमची वाटणी कुठवर आली? स्वैपाकघरात तू आणि लक्ष्मी एकमेकींच्या डब्यांत डोकवायचात. तिला आपली ज्वारीची भाकरी आवडली. तुला त्यांचा अंबाडीचा ठेचा. मी घास घेतला, पाणी प्यालो, पुन्हा प्यालो, तेव्हा म्हातारी पदराआड हसत होती. लक्ष्मी तुला 'अक्का'च म्हणायची. त्यांच्यातही थोरल्या बहिणीला तोच शब्द. दुपारी तू शाळेत असताना दोऱ्याशी ती बसायची. तिला तू सगळं शिकवलं होतंस : सुतळीची गाठ, उन्हाची बाजू, खटका ओढल्यावर रोल पुढे फिरवणं. एक गोष्ट मात्र तिला नीट जमली नाही. ती खार दिसली की आनंदानं ओरडायची.

याच दिवसांतला आपल्या दोघांचा तो फोटो. तू आणि मी ओसरीत भांडत होतो, विषय तोच. दोरा खिडकीतून बाहेर लोंबत होता. खारीला घरट्यासाठी धागा हवा होता. तिनं तो दातांत धरला आणि ओढला. खटका वाजला. करीमसाहेबांनी तो फोटो वेगळा काढून ठेवला होता.

"ये कौन खींचा?"

"गिलहरी," तू म्हणालीस.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "अच्छा," ते म्हणाले, "तो आज से स्टुडिओ उसी को दे देता मैं."

फोटोत दोन धूसर आकृत्या आहेत. एक बसलेली, एक उभी, हात वर केलेली. गाठीच्या पलीकडे असल्यानं चेहरे नाहीत. कोण कुणाला काय समजावतंय, सांगता येत नाही. तुझा-माझा एकत्र असा हा एकच फोटो. मागे तू स्वतः लिहिलंस, माझ्या भाषेत : 'भावंडं, नल्लकुंटा.'

ताप आला तेव्हा तू त्याला थंडीचा ताप म्हणालीस. डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. ते दिवस मी लिहीत नाही. एवढंच की लक्ष्मी रात्रंदिवस तुझ्याजवळ होती, मी आत-बाहेर करत होतो, आणि शुद्धीत असलीस की तू खोक्याचं विचारायचीस. "नेली का?" नाही, मी सांगायचो. खरंच नेली नव्हती. "मग ठीक," म्हणायचीस आणि डोळे मिटायचीस. कॅमेरा लक्ष्मीनं स्टुलावरून उचलून कपाटात ठेवला होता, कारण माणसं येऊ लागली होती.

तुला नेलं त्या सकाळी ओसरी माणसांनी भरली होती. शाळेतल्या बाया, कचेरीतले लोक, गल्लीतले. नंतर आम्ही पुरुष तुला घेऊन निघालो. परत आलो, आंघोळी झाल्या, कुणी काय केलं ते ध्यानात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत आलो तेव्हा खोक्यातून आवाज येत नव्हता.

गोळा हातानं उघडला. थंड होता. आत काही नाही. रक्त नाही, केस नाहीत. मांजर असतं तर काही खूण राहिली असती, असं मनाशी म्हटलं. पण मांजर खुणा ठेवतंच असं नाही. बदामाखाली पाहिलं, भिंतीपलीकडे पाहिलं, कौलांवर चढायला शिडी मागितली. शेजारी बघत होते. सुतकात हा माणूस शिडी कशाला मागतो? आदल्या दिवशी डोळ्यांना पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि हातातली शिडी खाली ठेवता येईना.

लक्ष्मी बाहेर आली. "क्या ढूंडते अन्नय्या?"

"पिल्लं. मांजरानं नेली का?"

"नै, नै. अत्तय्या देखी ना." अन्नय्या म्हणजे थोरला भाऊ, अत्तय्या म्हणजे तिची सासू.

म्हातारी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं पाहिलं होतं आणि सांगितलं नव्हतं. माणूस गेलेल्या घरात खारीची गोष्ट कोण सांगणार? मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती तेलुगूत, लक्ष्मी तिचं हिंदी करून. मी विचारत गेलो. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नाही, एवढं भान होतं.

तुम्ही तुला घेऊन गेल्यावर, ती म्हणाली. (ती 'तुला' म्हणाली नाही, 'ताईंना' म्हणाली.) बायका मोरीकडे होत्या. ही एकटी इथे, गुडघे दुखतात म्हणून. सकाळभर गर्दी होती तेव्हा खार खांबावर ओरडत बसली होती. ओसरी मोकळी झाली तशी खाली उतरली. खोक्यात गेली. तोंडात पिल्लू घेऊन वर आली.

"कसं धरलं होतं? मानेला?"

म्हातारीनं डोकं हलवलं. मूठ वळली, हनुवटीखाली नेली आणि दुसऱ्या हाताची बोटं गळ्याभोवती फिरवली. पोटाला धरलेलं; आणि पिल्लानं स्वतःच्या शेपटीनं आईच्या गळ्याला विळखा घातलेला, कंठीसारखा.

"मग?"

"आगिंदि," म्हातारी म्हणाली.

लक्ष्मी म्हणाली, "रुकी."

मी विचारलं, कुठे? खोक्याच्या काठावर, ती म्हणाली. पिल्लू खाली टेकवलं. पुन्हा धरलं. मग खांबावरून वर, कौलांखाली. मी विचारलं, निसटलं होतं का? नाही. ठेवलं. मी विचारलं, एकदाच? प्रत्येक वेळी. मी विचारलं, म्हणजे प्रत्येक पिल्लू घेऊन आल्यावर, काठावर, थांबून—

म्हातारी सुनेकडे वळून काहीतरी ठसक्यात बोलली. लक्ष्मीनं तोंडाला पदर लावला.

"काय म्हणतात?"

"विचारते की तुम्ही पोलिसात आहात का."

तर अक्का, ती थांबते. काठावर, प्रत्येक वेळी, पिल्लू टेकवून पुन्हा धरण्यापुरती. तुझ्या कॅमेऱ्याला पुरला असता एवढा वेळ. फोटो नाही. पाहणारी होती, आणि तिचे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. पिल्लं फार लांब गेलेली नाहीत. त्यांच्या स्वैपाकघरावरच्या वळचणीला आहेत, लक्ष्मीला वरून आवाज येतो.

औरंगाबादहून दोनदा निरोप आला. शुक्रवारी गाड्या सांगितल्या आहेत. कॅमेरा लक्ष्मीकडे ठेवतो, काचेसकट. करीमसाहेबांना तिची ओळख करून दिली. ओरडत जाऊ नको, एवढं तिला बजावून सांगितलं.

म्हातारीनं नंतर आणखी एक सांगितलं, मी उठत असताना, न विचारता. शेवटचं पिल्लू नेल्यावर खार पुन्हा खाली आली होती. खोक्यात शिरली, सगळ्या कोपऱ्यांतून फिरली आणि मोकळ्या तोंडानं निघून गेली. आत काही नव्हतं, मग कशाला आली, मी विचारलं. म्हातारीला हा प्रश्न वेड्याचा वाटला असावा. "मोजता येत नाही ना तिला," ती म्हणाली. "राहिलं नाही ना कुणी, ते पाहायला."

सामान बांधून झालं आहे. पुढच्या खोल्या रिकाम्या आहेत, हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळी कचेरीतून आलो की एकेक दार उघडून पाहतो, लावतो, पुन्हा उघडतो. म्हातारी ओसरीत बसलेली असते. तिला दिसतं.